चौथीनंतर अडलेले वाचन : दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : मुलगी साडेदहा वर्षांची आहे आणि पाचवीत, सेमी-इंग्रजी वर्गात शिकते. तिसरीपर्यंत ती चित्रांच्या पुस्तकांचा फडशा पाडत असे, परंतु गेल्या दीड वर्षात तिने एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले नाही. वाढदिवसाला ‘श्यामची आई’ आणि ‘गोट्या’ अशी दोन पुस्तके घरी आणली; दोन्ही दहाव्या पानापुढे सरकली नाहीत. तेव्हा या वयाला योग्य अशा वीस पुस्तकांची यादी द्यावी.

एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग मी गेली चोवीस वर्षे सांभाळत आहे, आणि आठवड्यातून एक दिवस पुस्तकांची पेटी घेऊन आसपासच्या प्राथमिक शाळांमध्येही जाते. ज्या वळणावर तुमची मुलगी थांबली आहे, त्याच वळणावर थांबलेली मुले मला दर वर्षी भेटतात. वीस पुस्तकांची यादी मात्र मी देणार नाही, कारण मोठी यादी हातात आली की पालक ती संपवण्याच्या मागे लागतात आणि मुलाला ती अभ्यासासारखी वाटू लागते. त्याऐवजी मुलगी नेमकी कुठे अडली असेल ते पाहू आणि मग तीनच पुस्तकांपाशी येऊ.

आठ ते बारा हे वय, म्हणजे साधारण तिसरी ते सातवी, मराठी पुस्तकांच्या दुकानात हरवल्यासारखे असते. आपण ‘बालसाहित्य’ म्हणतो आणि ‘कुमारसाहित्य’ म्हणतो. या दोहोंच्या मधल्या वाचकासाठी रूढ असा शब्दही आपल्याकडे नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत लहान मुलांसाठी मराठीत उत्तम चित्रपुस्तके आली आहेत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके, नॅशनल बुक ट्रस्टची आणि २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सची पुस्तके यांमुळे सहा-सात वर्षांच्या मुलापुढे निवडीला खूप वाव असतो. पण पानावर दोन-तीन ठसठशीत ओळी आणि भोवती मोठे चित्र, अशी सवय झालेले मूल जेव्हा एकदम दीडशे पानांच्या, बारीक टाइपाच्या, वीस पाने उलटली तरी एकही चित्र न येणाऱ्या पुस्तकापुढे बसते, तेव्हा त्याला कंटाळा येतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते दमलेले असते. दोन इयत्तांमध्ये जिन्याच्या तीन-चार पायऱ्या गाळून आपण त्याला वरच्या मजल्यावर यायला सांगितलेले असते. त्या गाळलेल्या पायऱ्या म्हणजे साठ ते शंभर पानांची, पाच-सहा पानांत संपणाऱ्या प्रकरणांची, अधूनमधून रेखाचित्रे असलेली आणि नायक किंवा नायिका वाचकाच्याच वयाची असलेली पुस्तके. दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर नाव आणि मुखपृष्ठ पाहण्याआधी प्रकरणांची लांबी आणि अक्षराचा आकार पाहावा, असे मी प्रत्येक पालकाला सांगते.

तुमच्या मुलीच्या बाबतीत सेमी-इंग्रजीचाही भाग आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले की मराठी वाचण्याचे शाळेतले तास कमी होतात, आणि ते नेमके अशा वयात कमी होतात, जेव्हा अक्षरे जुळवण्याचे कष्ट संपून डोळा आपोआप ओळीवरून धावायला लागायचा असतो. बोलीत तिची मराठी चांगली असते, म्हणून वाचनही तितकेच चांगले असणार असे घरच्यांना वाटते. ते पाहण्याची एक साधी रीत आहे. तिला आवडेल ते पान निवडू द्यावे, मनातल्या मनात वाचू द्यावे आणि नंतर त्या पानावर काय झाले ते सांगायला सांगावे. मोठ्याने वाचायला लावू नये आणि भावंडांसमोर तर मुळीच लावू नये. वाचताना जो शब्द अडेल त्यासाठी एक बोट मिटायचे, आणि एका पानात पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक सध्या एकटीने वाचण्याचे नाही, ही शिक्षकांमध्ये चांगली रुळलेली पद्धत आहे.

या पद्धतीला मराठीपुरती एक पुस्ती मात्र मी जोडते. अडलेला शब्द वाचताच येत नाही, की वाचता येतो पण ठाऊक नाही, हे वेगवेगळे पाहावे. ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘दुर्भिक्ष्य’ यांसारख्या शब्दांत जोडाक्षराची गाठ सुटत नाही, आणि तिथे फक्त सराव लागतो. ‘तसबीर’, ‘चंची’, ‘पडवी’, ‘आणेली’ हे शब्द मात्र मूल सहज वाचते, पण डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या प्रकारचे शब्द ओळीओळीला येतात, आणि शब्द नीट वाचता येत असल्यामुळे मुलाला आपले काय चुकते आहे हेही सांगता येत नाही. ‘मला नाही आवडले’ एवढेच ते म्हणते.

‘गोट्या’ दहाव्या पानावर का थांबले याचे उत्तर बहुधा इथे आहे. त्याचे लेखक ना. धों. ताम्हनकर यांचा काळ १८९३ ते १९६१. त्यांच्या पुस्तकातले घर, शाळा, पैशांचे व्यवहार, मोठ्यांशी बोलण्याची रीत हे सारे तुमच्या मुलीच्या आजीच्याही लहानपणाआधीचे आहे. तरीही गोट्याचा चांगुलपणा आणि त्याची हुशारी आजच्या मुलांना मनापासून आवडते. हे मी वर्गात वाचून दाखवताना पुनःपुन्हा पाहिले आहे. पहिली दोन-तीन प्रकरणे तुम्ही मोठ्याने वाचा, शब्द अडेल तिथे एका वाक्यात सांगून पुढे जा, आणि घरात आजी-आजोबा असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपवा, कारण चंची म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही, ते तिचा एखादा किस्साच सांगतात.

‘श्यामची आई’विषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण महाराष्ट्रात बक्षीस म्हणून मुलांच्या हाती दिली जाणारी इतकी पुस्तके मी पाहिली, त्यांत हेच सर्वांत जास्त वेळा पाहिले आणि न वाचता कपाटात राहिलेलेही हेच. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याची रचना नीट पाहिली तर प्रत्येक प्रकरण ही एक रात्र आहे. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो आणि ते ऐकतात. म्हणजे हे पुस्तक मुळातच ऐकण्यासाठी घडलेले आहे, आणि तेही रोज एकेक प्रकरण या गतीने. दहा वर्षांच्या मुलीने ते एकटीने, सलग, दुपारच्या उजेडात वाचून काढावे अशी अपेक्षा आपण करतो आणि मग तिला ते जड जाते. शिवाय त्यात कर्ज आहे, घरादारावर आलेली जप्ती आहे, आईचा मृत्यू आहे. हे मुलांपासून लपवावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. हे दुःख अंगावर येते तेव्हा शेजारी कोणीतरी बसलेले असावे, एवढेच मला सांगायचे आहे. ते पुस्तक सध्या ठेवून द्या, आणि पावसाळ्यात, रोज रात्री एक प्रकरण, दिवे मालवण्यापूर्वी तुम्ही स्वतः वाचा. मध्ये तुमचा आवाज भरून आला तर येऊ द्या.

आता पुस्तकांकडे येते. पहिले नाव भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेचे. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला बनेश फेणे, त्याची सायकल, कान टवकारून धोका ओळखण्याची त्याची सवय आणि तोंडून निघणारे ‘ट्टॉक्’ हे सगळे जुने असले तरी त्या गोष्टींची वाक्ये आखूड आहेत, संवाद भरपूर आहेत आणि प्रकरण संपते ते काहीतरी घडणार अशा ठिकाणी. शिवाय ही मालिका आहे, आणि अडलेल्या वाचकाला मालिकेसारखा दुसरा आधार नाही. नवे पुस्तक उघडताना मुलाला सर्वांत मोठे श्रम पडतात ते पहिल्या दहा पानांत, माणसे आणि जागा ओळखीच्या होईपर्यंत. मालिकेच्या दुसऱ्या पुस्तकापासून ते श्रम वाचतात. ‘एकाच छापाची पुस्तके वाचते’ अशी तक्रार पुष्कळ पालक करतात. त्या एकाच छापाच्या सात-आठ पुस्तकांत मुलाच्या डोळ्यांखालून हजारो वाक्ये जातात आणि वाचनाचा वेग वाढतो, म्हणून ते तसेच होऊ द्यावे.

दुसरे, दिलीप प्रभावळकर यांचा ‘बोक्या सातबंडे’. या गोष्टी मुळात आकाशवाणीसाठी लिहिल्या गेल्या होत्या आणि त्याचा फायदा आजही मिळतो. प्रत्येक गोष्ट एका बैठकीत पूर्ण होते, आणि वाक्ये ऐकण्यासाठी बेतलेली असल्याने वाचताना जीभ कुठेही अडखळत नाही. बोक्या खोड्या करतो, पण त्याला मनापासून कोणाच्या तरी उपयोगी पडायचे असते, आणि या वयाच्या मुलांना न्याय-अन्यायाची जी तीव्र जाणीव असते तिला या गोष्टी बरोबर भिडतात.

तिसरे, ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या लहानपणीच्या शाळेविषयी लिहिलेले हे जपानी पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे आणि तो परवडण्यासारखा आहे. एका शाळेने काढून टाकलेली मुलगी रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या दुसऱ्या शाळेत जाते आणि पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक कोबायाशी तिचे बोलणे कितीतरी वेळ, न कंटाळता, ऐकून घेतात. हे प्रकरण मी किती शाळांत वाचले असेल याची मोजदाद नाही. त्या वेळी वर्ग ज्या रीतीने स्तब्ध होतो, ते पाहून मुलांना ऐकून घेणारे मोठे माणूस किती क्वचित भेटते हे कळते. दोन-तीन पानांची प्रकरणे असल्यामुळे थकलेली मुलगीही रोज एक संपवू शकते, आणि ‘संपवले’ हा अनुभव तुमच्या मुलीला दीड वर्षात आलेला नाही. शेवटी युद्धात शाळा जळते. तिथे पोहोचेल तेव्हा तुम्ही जवळ असा.

या तिन्हींपैकी कोणतेही चालले नाही तर पुस्तक हा आकारच काही काळ बाजूला ठेवावा. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. मासिक मधूनच उघडता येते, कोडे सोडवून मिटता येते, कविता सोडून गोष्टीवर जाता येते. त्यात ‘अर्धवट सोडले’ असा अपराध घडतच नाही. याच कारणासाठी माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’चे खंड मी बालविभागात टेबलावर उघडे ठेवते. मराठीतल्या कितीतरी लेखकांचे छोटे उतारे त्यांत आहेत आणि जोडीला भारतीय चित्रकलेतली चित्रे आहेत. मूल कोणत्या उताऱ्यापाशी थांबते ते नुसते दुरून पाहावे. कोणी प्राण्यांपाशी थांबते, कोणी विनोदापाशी, आणि पुढचे पुस्तक कोणते द्यायचे ते तिथेच ठरते.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगणे उपयोगाचे ठरेल. सहावीतला एक मुलगा प्राण्यांच्या गोष्टी मागत होता, म्हणून राम पटवर्धन यांनी अनुवादिलेले ‘पाडस’ मी त्याला ‘हरणाच्या पिल्लाची फार सुंदर गोष्ट आहे’ असे सांगून दिले. मी ते कॉलेजात असताना वाचले होते आणि माझ्या मनात त्यातले अरण्य आणि ज्योडी या मुलाचा पाडसाशी जडलेला जीव एवढेच ताजे होते. त्या मुलाच्या घरची, त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलेली शेळी आदल्याच महिन्यात विकली गेली होती, हे मी विचारले नव्हते. पाडसाचा शेवट ज्योडीच्याच हातून होतो. मुलाने पुस्तक परत आणून टेबलावर ठेवले, एक शब्दही बोलला नाही आणि पुढे तीन महिने ग्रंथालयात आला नाही. ‘पाडस’ हे थोर पुस्तक आहे आणि मी आजही ते सातवी-आठवीच्या मुलांना देते. पण देण्यापूर्वी पुन्हा वाचून काढते आणि शेवट दुःखद आहे हे सांगून देते. शेवट आधी कळल्याने गोडी जाते असे मला वाटत असे. मुलांचा अनुभव तसा नाही. दुःख येणार हे माहीत असले की ती धीराने वाचतात.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की मागच्या पाच वर्षांत स्वतः वाचले नसेल ते पुस्तक मुलाला सुचवायचे नाही. आठवणीतले पुस्तक आपल्या लहानपणाशी इतके मिसळून गेलेले असते की आपण पुस्तक सुचवतो आहोत की आपले बालपण, हे कळेनासे होते. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’बद्दल हे फार वेळा घडते. त्याचा नायक लंपन लहान मुलगा आहे म्हणून पालक ते चौथी-पाचवीतल्या मुलांसाठी नेतात. पण त्याच्या मनातली हुरहूर आणि त्याच्या बोलण्यातली गंमत कळायला स्वतःचे लहानपण थोडे मागे पडलेले असावे लागते. तेरा-चौदाव्या वर्षी ते पुस्तक फार जवळचे होते. पुरस्कारांच्या याद्याही अशाच जपून वापराव्यात. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो, त्यातून ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’सारखे, २०१७ साली गौरवलेले, मोलाचे पुस्तक पालकांपर्यंत पोहोचते, परंतु निवड करणारे परीक्षक मोठी माणसे असतात, आणि त्यांना जे हळवे करते ते दहा वर्षांच्या मुलीला आज रात्री जागे ठेवील असे नाही.

पुस्तक कसे द्यावे, याला मी कोणते द्यावे याइतकेच महत्त्व देते. एक पुस्तक दिले की तो आदेश होतो. तीन समोर ठेवली की निवड होते. तिन्हींबद्दल दोन-दोन मिनिटे बोला, एखादा प्रसंग रंगत आला की तिथेच थांबा, आणि खोलीतून निघून जा. तिने तिन्ही नाकारली तर का ते विचारा, कारण ‘यात सगळे मुलगेच आहेत’ किंवा ‘अक्षर फार छोटे आहे’ यांसारखे उत्तर पुढच्या निवडीसाठी फार उपयोगी असते. वाचायला घेतलेले पुस्तक मध्येच सोडण्याची तिला उघड परवानगी द्या. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने, जो स्वतः शाळेत शिकवत असे, १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यांत पाने गाळण्याचा आणि पुस्तक पुरे न करण्याचा हक्क आहे, आणि अगदी शेवटचा, दहावा हक्क गप्प राहण्याचा आहे. तो दहावा हक्क आपल्या घरांत सर्वांत जास्त मोडला जातो. पुस्तक मिटले रे मिटले की ‘काय शिकलीस? तात्पर्य काय?’ असे विचारले जाते. त्याऐवजी काहीच न विचारता तेच पुस्तक तुम्ही स्वतः वाचायला घ्या आणि जेवताना म्हणा, की मी बोक्याच्या अमुक गोष्टीपर्यंत आले आहे, पुढचे सांगू नकोस. ती सांगितल्याशिवाय राहणार नाही.

काही मुले गोष्टींची नसतातच, हेही ध्यानात ठेवावे. साप, क्रिकेटचे आकडे, ग्रह-तारे, यंत्रे यांविषयी ती कितीही वाचतात आणि कादंबरी पाहून तोंड फिरवतात. त्यांना वाचन येत नाही असे आपण ठरवून टाकतो. अशा मुलांसाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांची आणि विज्ञानाची मराठी पुस्तके विनामूल्य आहेत. चित्रकथाही वाचनच आहे. मोठ्या वाटणाऱ्या मुलीने चार वर्षांच्या भावाचे चित्रपुस्तक पुन्हा काढून वाचले तर तिला हटकू नये, कारण दमलेला वाचक ओळखीच्या जागी विसावा घेतो आणि मग पुढे जातो.

इंग्रजी पुस्तके ती वाचत असेल तर ती बंद करू नका. मराठीची ओढ ऐकण्यातून टिकवा आणि दोन्ही भाषांची स्पर्धा लावू नका.

आधुनिक ग्रंथालयशास्त्राची पायाभरणी करणारे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ असे एक आणि ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ असे दुसरे सूत्र आहे. पहिले सूत्र पालकांना पटते. दुसऱ्यासाठी मात्र पुस्तक विकत घेण्याआधी मुलीला पुस्तकांच्या रांगेपुढे उभे करावे लागते. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान मिळणारी सार्वजनिक ग्रंथालये गावोगाव आहेत आणि पुष्कळ ठिकाणी बालविभागाची वर्गणी एका पुस्तकाच्या किमतीहूनही कमी असते. तिच्या स्वतःच्या नावाचे खाते काढा आणि वहीवर सही तिलाच करू द्या.

या आठवड्यापुरते सांगायचे तर वाढदिवसाची दोन्ही पुस्तके तिच्या टेबलावरून उचलून तुमच्या कपाटात ठेवा. ‘तोत्तोचान’, फास्टर फेणेचे कोणतेही एक पुस्तक आणि ‘बोक्या’ एवढी तीन घरात आणा. शनिवारी रात्री रेल्वेच्या डब्यांची शाळा आणि कोबायाशींची भेट इथपर्यंत तुम्ही मोठ्याने वाचा, खूण घाला आणि पुस्तक तिच्या उशाशी ठेवून दिवा मालवण्याचे काम तिच्यावर सोपवा. रविवारी सकाळी खूण पुढे सरकलेली दिसली, तरी काही बोलू नका.